जात नावाचा ड्रॉपडाउन

मंडळी, बरेच दिवस झाले इथे काही खरडलं नव्हतं. आधी रिलीज, मग रिलीजमधले बग, मग बग काढताना नव्याने घातलेले बग... चालायचंच. आज शनिवार, हापिसचा लॅपटॉप बंद, आणि चहाचा दुसरा कप हाताशी. तेव्हा आज थोडा इतिहास.

झालं असं की परवा मामेबहिणीचा फोन आला. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, चिनूचं प्रोफाइल तेवढं भरून दे की." चिनू म्हणजे आमची भाची, बंगलोरला नोकरी करते. पाच मिनिटांत चिनूचाही मेसेज: "मामा, भर तू, माझी हरकत नाही. फक्त जात टाकू नकोस." इकडे आईची ताकीद होती, "सगळं नीट लिही, जातीशिवाय कोण बघणारे?"

फॉर्म उघडला. नाव, उंची, पगार, आणि मग तो ड्रॉपडाउन. स्क्रोल करतोय, करतोय, संपतच नाही! शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी आयुष्यभर असे ड्रॉपडाउन लिहीत आलोय. पण हा इथे आला कुठून, याचा विचार कधी केला नव्हता. म्हटलं, जरा मागे जाऊन बघू.

इंटरनेटच्या आधी आपल्याकडे हा धंदा दोन जागी चालायचा. एक म्हणजे पेपरातल्या रविवारच्या छोट्या जाहिराती. तिथे शब्दावर पैसे, त्यामुळे अख्खा माणूस दोन ओळींत कोंबायचा. दुसरी जागा म्हणजे वधू-वर सूचक मंडळं. वह्या, फायली, फोटो, पत्रिका, आणि सगळं डोक्यात ठेवणाऱ्या एखाद्या काकू. पुण्यातल्या 'अनुरूप'सारख्या संस्था सत्तरच्या दशकापासून हे काम करत होत्या. शिवाय ज्ञातीच्या मासिकांतून याद्या छापून यायच्या. म्हणजे बाजार आधीच बारीक बारीक चिरलेला होता, पण प्रत्येक फाक आपापल्या गावात अडकलेली होती. साताऱ्याच्या वहीतलं स्थळ नागपूरच्या वहीत दिसायचं नाही.

मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं. त्याच सुमारास आपल्याकडचे प्रोग्रामर अमेरिकेला जायला लागले होते. पगार डॉलरमध्ये, फ्लॅटमध्ये चार जण, आणि फोनवर आई दर रविवारी एकच विषय काढणार. (ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.)

अशांपैकीच एक मुरुगवेल जानकीरामन. चेन्नईचा मुलगा, मद्रास विद्यापीठाचा एमसीए, अमेरिकेत सॉफ्टवेअर कन्सल्टंट. १९९७ मध्ये त्याने तमिळ लोकांसाठी एक साइट काढली. तमिळ पंचांग, सणवारांची आठवण, भेटकार्डं आणि एका कोपऱ्यात लग्नाची स्थळं. थोड्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं की लोक पंचांग बघायला येतच नाहीयेत, सगळी गर्दी त्या कोपऱ्यात आहे. मग त्याने तो कोपराच दुकान केला. २००० च्या सुमारास 'भारतमॅट्रिमोनी' उभी राहिली. डॉटकॉमचा फुगा फुटला, त्याची नोकरी गेली, आणि हौसेचं काम पोटापाण्याचं झालं. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं लग्नही त्याच्याच साइटवरून जमलं. टेस्टिंग म्हणतात ते हे! :-)

साधारण त्याच काळात मुंबईत अनुपम मित्तलने 'सगाई' नावाची साइट काढली, तीच पुढे 'शादी डॉट कॉम' झाली. त्याला कल्पना सुचली ती वडिलांच्या ऑफिसात बायोडेटांची पिशवी घेऊन आलेल्या एका लग्न जुळवणाऱ्यामुळे, असं त्याने अनेकदा सांगितलंय.

आता यातली धंद्याची मेख बघा. ऑनलाइन धंद्यात 'एक छोटा कोपरा पकड' असा सल्ला सगळेच देतात. २००४ मध्ये क्रिस अँडरसनने 'वायर्ड' मासिकात 'लाँग टेल' हा लेख लिहिला, तेव्हापासून तर ही फॅशनच झाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुकानाच्या फळीवर जागा कमी असते म्हणून तिथे फक्त खपाऊ माल ठेवतात. इंटरनेटवर फळीला अंतच नाही, म्हणून कमी खपाच्या हजारो वस्तू मिळूनही मोठा धंदा होतो. पुस्तकं-गाण्यांपुरतं हे ठीक आहे. पुस्तक तुम्हाला आवडलं की झालं, पुस्तकाला तुम्ही आवडावं लागत नाही. लग्नात मात्र दोन्ही बाजूंनी होकार लागतो.

म्हणून तिथे कोपरा पकडण्याचं कारण वेगळं आहे. समजा, तुमच्याकडे देशभरातली १००० प्रोफाइल्स आहेत. पुण्यातली मराठी मुलगी येते, भाषा, वय, शिक्षण लावते, आणि स्क्रीनवर तीन मुलं दिसतात. ती परत येत नाही. तीच १००० प्रोफाइल्स सगळी मराठी असतील, तर तिला पन्नास-साठ दिसतील. प्रोफाइल्स तेवढीच, पण एक दुकान ओस वाटतं आणि दुसरं भरलेलं. बाजार लहान आखला की तो लवकर भरतो. मुरुगवेलची सुरुवात फक्त तमिळ लोकांपासून झाली, याचा त्याला हा फायदा मिळाला. मग हाच साचा प्रत्येक भाषेला लावला: तेलुगू, मल्याळी, बंगाली, आणि आपली 'मराठीमॅट्रिमोनी'सुद्धा. पुढे 'कम्युनिटीमॅट्रिमोनी' आली, म्हणजे जातीगणिक वेगळी साइट, अशा शेकडो. आत कोड तोच, बाहेर पाट्या निरनिराळ्या.

पैसे कुठून येतात? प्रोफाइल टाकणं फुकट, पण समोरच्याचा नंबर हवा असेल तर सभासद व्हा. यातली अडचण अशी की काम फत्ते झालं की गिऱ्हाईक कायमचं जातं. किराणावाल्याकडे माणूस दर महिन्याला येतो, इथे लग्न झालेला माणूस परत आला तर काळजीचीच गोष्ट! त्यामुळे दर वर्षी नवं गिऱ्हाईक शोधायचं, जाहिरातीवर पैसा ओतायचा. इथेही छोटा कोपरा मदतीला येतो. एका समाजातलं लग्न म्हणजे त्याच समाजातले चारपाचशे पाहुणे, आणि पंगतीत कोणीतरी विचारणारच, "कसं जमलं हो?" ही जाहिरात फुकट.

२००६ मध्ये याहू आणि कनान पार्टनर्स यांनी भारतमॅट्रिमोनीत ८६.५ लाख डॉलर घातले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, ९८५ रुपयांना शेअर. पण कोपरा तुमचा असला तरी तिथे जाणारा रस्ता तुमचा नसतो. १ मार्च २०२४ ला गूगलने फीच्या वादातून काही भारतीय कंपन्यांची अॅप्स आपल्या दुकानातून काढली, त्यात भारतमॅट्रिमोनीही होती. सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत अॅप्स परत आली. पण मालक कोण, हे सगळ्यांना कळलं.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण मीही या पाण्यात पाय बुडवून बघितलाय. २००६-०७ ची गोष्ट. मी आणि माझा रूममेट, वीकेंडला कोड लिहायचो. आमचा कोपरा: परदेशातले मराठी आयटीवाले. वाटलं, यांच्याकडे पैसा आहे, नेट आहे आणि लग्न जमत नाहीये, अजून काय पाहिजे? दोन महिन्यांत साइट उभी केली. एकूण प्रोफाइल्स आली ४१. त्यात मुलं ३६! म्हणजे ज्यांची गरज मोठी ते सगळे एकाच बाजूला. कोपरा निवडताना आम्ही गिऱ्हाईक मोजलं, पण बाजाराला दोन बाजू असतात हे विसरलो. सर्व्हरचं भाडं संपलं तसं गाशा गुंडाळला.

पण त्या साइटची एक गोष्ट मला अजून आठवते. डेटाबेसमध्ये जातीचा कॉलम मीच टाकला होता, आणि तो रिकामा ठेवता येणार नाही असंही मीच लिहिलं होतं. का? कारण बाकीच्या सगळ्या साइट्सवर तसं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. कोणी सांगितलं नाही, आम्ही त्यावर बोललोही नाही.

साइटवाले म्हणतात, लोकांना जे हवं ते आम्ही देतो. ते खोटं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या 'आनंदबाजार पत्रिका'तल्या लग्नाच्या जाहिराती घेऊन अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की मुलीकडचे लोक जातीतला नवरा मिळावा म्हणून शिक्षणातला प्रचंड फरक सोडून द्यायला तयार असतात, अगदी अजिबात न शिकलेला आणि मास्टर्स झालेला यांच्यातल्या फरकाइतका. त्यांचा दुसरा निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारा आहे. प्रत्येक जातीत शिकलेली, कमावती माणसं थोडीफार सारखीच असल्यामुळे जातीत लग्न करण्यासाठी प्रत्यक्षात फारसं काही सोडावं लागत नाही. म्हणून आर्थिक भरभराट झाली की जात आपोआप जाईल, हे काही खरं नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. लाहोरच्या ज्या मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं होतं, त्यांना मजकूर झेपला नाही, संमेलनच रद्द झालं, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत, आंतरजातीय लग्नं १०० तली साधारण ५ निघाली.

मग साइटचा दोष किती? माझं मत असं, की जात साइटने आणली नाही, पण तिला सोयीचं केलं. काकूंच्या वहीत "जात वेगळी आहे, पण मुलगा फार चांगला आहे हो, एकदा बघा तर" असं म्हणायला जागा होती. फिल्टरमध्ये ती नाही. तो मुलगा तुम्हाला दिसतच नाही, आणि दिसला नाही हे कळतही नाही. आणि हे बदलता येतं. २०२० मध्ये शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाचा फिल्टर होता. उत्तर अमेरिकेतल्या काही मुलींनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, आणि तो गेला. कंपनीचं म्हणणं, तो काही कामाचा नव्हता, काढायचा राहून गेला होता. असेल. राहून गेलेल्या गोष्टी किती वर्षं राहतात हे आम्हा प्रोग्रामर लोकांना चांगलं माहीत आहे.

तर, चिनूचा फॉर्म. यादीच्या अगदी तळाशी, सगळ्या जाती संपल्यावर, 'सांगायची इच्छा नाही' असा एक पर्याय सापडला. तो निवडला. मग मामेबहिणीला फोन करून सरळ सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "स्थळं कमी येतील रे."

"येतील," मी म्हटलं. "पण जी येतील ती तिने मागितलेली असतील."

पुन्हा शांतता. मग, "बरं. शिक्षण तरी नीट लिहिलंस ना?"

लिहिलंय. चहा मात्र गार झाला, नवा टाकतो.