अर्धें कशाचें?

तेरेखोलच्या खाडीच्या एका तीरावर सावंतवाडी तालुक्यांतील आरोंदें आहे, आणि दुसऱ्या तीरावर गोव्याचा पेडणें तालुका. दोन्ही तीरांवर दशावतार तोच, भजनें तींच, सोयरिकाही एकमेकांत होतात. परंतु संसार मोडण्याचा प्रसंग आला, तर घराबागेचें काय करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर मात्र दोन तीरांवर अगदीं निराळें मिळतें.

याचें मूळ शोधूं लागलों म्हणजे पोर्तुगालपर्यंत जावें लागतें. तेथें १६०३ सालीं जो कायद्यांचा संग्रह अमलांत आला, त्यांत निराळा करार नसेल तर विवाह हा अर्ध्या वाट्याचा समजावा, असें सांगितलेलें होतें. १८६७ च्या दिवाणी संहितेनें हीच रीत पुढें चालविली, आणि ती संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यांत लागू झाली. लग्नापूर्वीं नोटरीपुढें दुसरा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता लग्नाबरोबर एक होते: पूर्वींची, पुढें मिळविलेली, वारशानें आलेली, थोडे अपवाद सोडून सारीच. तींत प्रत्येकाचा निम्मा हक्क. लिस्बनमध्यें ५ ऑक्टोबर १९१० रोजीं प्रजासत्ताक आलें, आणि महिना पुरा व्हावयाच्या आंत नव्या सरकारनें घटस्फोटाचा कायदा केला. तो पुढें गोव्यासही लागू झाला. म्हणजे तेथें न्यायालय पत्नीला नव्यानें कांहीं देत नाहीं. तिचें होतें तेंच मोजून वेगळें करतें. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्यानें ही व्यवस्था तशीच राहूं दिली. प्राप्तिकर खात्यालाही ती मानावी लागली: १९९४ सालीं एक कलम घालून अशा जोडप्याचें पगाराखेरीजचें उत्पन्न दोघांत सारखें विभागण्यांत आलें.

अर्थात् या राज्यकर्त्यांचें फार गुणगान करण्याचें कारण नाहीं. त्यांच्याच १८८० च्या हुकुमान्वयें गोव्यांतील हिंदु पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाहीं, तर पतीला दुसरें लग्न करण्याची मुभा होती. पहिलीची संमति लागे. ती कशी मिळत असेल, हें सांगावयास नको.

आतां अलीकडच्या तीरावर येऊं. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होती; इतरांस घटस्फोटाची वाट बडोदें संस्थानांत १९३१ सालीं, आणि मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं मोकळी झाली. स्त्रीधन स्त्रीचेंच, हें आपलें धर्मशास्त्र फार पूर्वींपासून सांगत आलें आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही १९८५ सालीं तेंच बजावलें. पण स्त्रीधन म्हणजे दागिने आणि आहेर. पतीच्या नांवावरील घर मोडलेल्या संसारांतून पतीचेंच राहतें, मग त्याचे हप्ते फेडतांना बाईनें वीस वर्षें कसाही हात आखडता घेतलेला असो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें सत्ताविसावें कलम केवळ विवाहप्रसंगीं मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतें बोलतें, बाकी पोटगी. पतीच्या स्थावरांत पत्नीला हिस्सा मिळावा, असें एक विधेयक राज्यसभेनें २०१३ सालीं संमत केलें होतें. पुढच्या वर्षीं लोकसभेची मुदत संपली आणि तें बारगळलें.

असें असतां गोव्याच्या बायका निश्चिंत असतील, असें कोणास वाटेल. मलाही वाटत असे. संहितेनें स्थावर विकण्यास दोघांची संमति आवश्यक केली, पण कारभार पतीच्या हातीं दिला. वाटणीच्या वेळीं मालमत्तेची यादी न्यायालयापुढें यावी लागते. या कामाला तिकडे इन्व्हेंटरी म्हणतात. एकानें शपथेवर यादी द्यावयाची, दुसऱ्यानें हरकती घ्यावयाच्या, मग किमती ठरावयाच्या, कर्जेंही मोजावयाचीं. एकच वस्तु दोघांस हवी असेल, तर त्या दोघांतच बोली लागते, आणि ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक जातें, त्यानें फरक रोख भरावयाचा. हिशेब मोठा चोख. पण यादी करणारा बहुधा तोच, ज्यानें कारभार केला!

पेडण्याकडील माझी एक जुनी विद्यार्थिनी अशी यादी घेऊन माझ्याकडे आली होती. गणितांत ती यथातथाच होती. "मास्तर, यांत डोंगरावरची काजूची बाग कुठें दिसत नाहीं," एवढेंच ती म्हणाली, आणि पिशवींतून त्या बागेचा एक-चौदाचा उतारा काढून तिनें माझ्यापुढें ठेवला. दरसाल काजूच्या बिया तीच गोळा करी, म्हणून तिला सर्व्हे नंबर पाठ होता. वकिलानें हरकत घेतली आणि बाग यादींत आली. पुढें बोली लागली तेव्हां तिनें घर सोडून दिलें व बाग घेतली. वरचा फरक त्यानें तिला रोख भरला.