परवाना आणि दिवा : बिनतारी बटणाचा इतिहास

१/ परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव मध्ययुगीन मंदिरे आणि उंच कोरीव स्तंभ यांमुळे इतिहासप्रेमींना परिचित आहे. आज तेथील एखाद्या घरात बिनतारी बटणावर चालणारा 'स्मार्ट' दिवा बसवला, तर कोणाची परवानगी लागत नाही. वस्तुतः असा दिवा म्हणजे संदेश घेणारे व देणारे एक चिमुकले बिनतारी केंद्रच होय. असे केंद्र विनापरवाना बाळगणे हा एके काळी गुन्हा होता.

२/ १९२७ साली खडकीचे प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र यांच्या साहाय्याने इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र उघडले. आकाशातील लहरींचे मोल सरकारला पुरते उमगले होते.

३/ १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात असे यंत्र विनापरवाना जवळ ठेवण्यासच बंदी घातली. चारठाणा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. स्वातंत्र्यानंतर मात्र हाच कायदा देशभर लागू झाला. घरी रेडिओ ऐकण्यासाठी टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना काढावा लागे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

४/ या बंदीला धार किती होती? ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घातला आणि उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

५/ पुढे धोरण पालटले. २००५ च्या अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ आणि दिव्यांसाठी वापरली जाणारी झिगबी ही पद्धत, या तिन्ही याच पट्ट्यात नांदतात.

६/ शक्ती अल्प, म्हणून पल्लाही अल्प. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या जाड भिंतींत या लहरी लवकर क्षीण होतात. त्यावर झिगबीने शोधलेला उपाय म्हणजे जाळे : बटणाचा संदेश जवळचा दिवा घेतो, पुढच्या दिव्याकडे देतो, आणि असा तो माजघरापर्यंत पोहोचतो. मात्र वाटेतल्या दिव्याचे भिंतीवरचे जुने बटण कोणी बंद केले, तर तो संदेश पुढे देऊ शकत नाही. दुसरी वाट नसेल, तर पलीकडचे दिवे संदेशाला मुकतात. म्हणून अशा दिव्यांचा वीजपुरवठा अखंड ठेवून ते बिनतारी बटणानेच मालवावेत.

७/ आता प्रश्न उरतो सत्तेचा. काही दिव्यांची आज्ञा घरातल्या घरात पोहोचते. काहींची आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि मग परत येते. इंटरनेट तुटले किंवा कंपनीने सेवा थांबवली, की दुसऱ्या प्रकारचा दिवा मालकाचे ऐकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'मॅटर' या मानकाने घरातल्या घरात चालणाऱ्या नियंत्रणावर भर दिला, तो यासाठीच. सरकारी परवाना गेला, हे खरे. पण दिवा विकत घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : इंटरनेट नसतानाही हा लागेल ना? परवाना जाऊन त्याच्या जागी कंपनीची मर्जी आली, तर आपण मोकळे झालो असे म्हणता येणार नाही.