किट कारसाठी डोनर इंजिन कसं निवडायचं? पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी संपूर्ण माहिती

रील्स बघताना ती छोटीशी, दार नसलेली, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर आलेली दोन सीटर गाडी तुमच्या नजरेला कधीतरी पडली असेल. अशा गाड्यांपैकी बऱ्याचशा कंपनीत नाही, कुणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या असतात. यांनाच किट कार म्हणतात.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि सध्या इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी एका भाड्याच्या गॅरेजमध्ये मी अशीच एक गाडी बनवतोय. पण माझी सुरुवातच चुकली. पहिलं इंजिन चुकीचं घेतलं आणि त्यात पाच महिने आणि बऱ्यापैकी बचत गेली. एका टप्प्यावर तर सगळं विकून टाकायचं ठरवलं होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

किट कार आणि डोनर म्हणजे काय?

किट कारमध्ये चासी, बॉडी आणि काही सुटे भाग एखाद्या छोट्या उत्पादकाकडून नवीन मिळतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक वगैरे भाग एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचे असतात. ती जुनी गाडी म्हणजे डोनर.

ब्रिटनमध्ये ही परंपरा जुनी आहे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन किट स्वरूपातही विकली जायची. तयार गाडीवर तेव्हा पर्चेस टॅक्स लागायचा, किटवर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. आज बाजारात दिसणारी 'सेव्हन' धाटणीची बहुतेक किट्स याच गाडीची वंशज आहेत.

आधी थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढंच वाचा: पहिल्या गाडीसाठी सुटं इंजिन घेऊ नका. चालू स्थितीतली, कागदपत्रं असलेली अख्खी गाडी घ्या. आणि किटचा उत्पादक ज्या गाडीची शिफारस करतो, तीच घ्या.

आपल्याकडे सोयरीक जमवताना एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी बघत नाहीत, घर बघतात. इंजिनचंही तसंच आहे.

इंजिनसोबत काय काय लागतं?

कोडिंग करणाऱ्यांना 'डिपेन्डन्सी' हा शब्द माहीत असेल. एक लायब्ररी इन्स्टॉल करायला जावं तर तिच्यामागे आणखी दहा येतात. इंजिनमागे हे सगळं येतं:

• ईसीयू: इंधन किती आणि स्पार्क कधी, हे ठरवणारा कॉम्प्युटर.
• वायरिंग हार्नेस: सगळे सेन्सर ईसीयूला जोडणाऱ्या वायरींचा जुडगा. कापलेला हार्नेस मिळाला तर डोक्याला ताप.
• चावी आणि इमोबिलायझर: नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू आणि चावीतली चिप यांची जोडी असते. चिप ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही.
• गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील: बोल्टची ठेवण आणि शाफ्टची लांबी जुळायलाच हवी.
• प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल: मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचवायला.
• इंजिन माउंट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, रेडिएटरचे पाइप: किंमत कमी, पण अडवणूक मोठी.

अख्खी गाडी घेतली की हे सगळं एकमेकांशी जुळलेलं मिळतं, आणि चालत होतं याचा पुरावाही आपल्या डोळ्यांसमोर असतो.

माझी चूक

मी जाहिरात बघून फोर्डचं २.० लिटर झेटेक इंजिन घेतलं. स्वस्त, दणकट, स्पेअर सहज मिळणारं. इंजिनमध्ये दोष काहीच नव्हता, दोष माझ्या हिशेबात होता.

झेटेक हे मॉन्डेओ आणि फोकससारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतलं इंजिन. तिथे ते आडवं बसतं. सेव्हनसारख्या गाडीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवायचं आणि ताकद मागच्या चाकांना द्यायची. त्यासाठी वेगळं बेलहाउसिंग हवं, वेगळं फ्लायव्हील हवं. थर्मोस्टॅटचं घर इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असल्यामुळे ते मागच्या पत्र्याला भिडतं, म्हणून तेही बदलायचं. ऑइल सम्प (आपले मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात) खाली फार लोंबतो, म्हणून तो उथळ हवा. माझ्याकडे ईसीयू नव्हता, हार्नेस नव्हता, चावी तर नव्हतीच. म्हणजे बाजारातला प्रोग्रॅमेबल ईसीयू घ्या आणि वर ट्यूनिंगचे पैसे मोजा.

एका रात्री स्प्रेडशीटमध्ये सगळी बेरीज केली. इंजिनच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आजूबाजूच्या भागांवर होणार होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! शेवटी इंजिन तोट्यात विकलं. चासी मात्र ठेवली, कारण उत्पादक तीच चासी दुसऱ्या डोनरसाठी बदलून द्यायला तयार झाला. हे नशीब. सगळ्यांच्या वाट्याला ते येत नाही.

ब्रिटनमधले नेहमीचे पर्याय

माझदा एमएक्स-५ (१९८९ ते २००५, पहिल्या दोन पिढ्या): आज पहिल्या गाडीसाठी माझी पसंती हिलाच. इंजिन मुळातच उभं, ताकद मागच्या चाकांना. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, सगळं एकाच गाडीतून निघतं. शिवाय या गाडीचे खालचे पत्रे, म्हणजे सिल, गंजतात. त्यामुळे गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते, मालक कंटाळून स्वस्तात विकतो, आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं. त्याच्यासाठी भंगार, आपल्यासाठी लॉटरी.

पण दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला: १.६ लिटरचं सुरुवातीचं इंजिन साधारण ११५ हॉर्सपॉवरचं, तर ब्रिटनमध्ये १९९५ च्या सुमाराला आलेलं १.६ जेमतेम ९० हॉर्सपॉवरचं. सीसी तेच, ताकद वेगळी. दुसरा: १९९१ च्या आधीच्या काही १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे आणि तिथली चावीची खाच झिजते. ओळखायची खूण म्हणजे क्रँक पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब, म्हणजे सुधारित.

फोर्ड सिएरा (१९८२ ते १९९३): एके काळचा हुकमी डोनर. २.० लिटर पिंटो इंजिनच्या कार्ब्युरेटर आवृत्तीला इंजेक्शनचा ईसीयू लागत नाही, मेकॅनिकल कामाची सवय असलेल्याला सोपं. पण जड आहे, कॅमशाफ्टवर तेल टाकणारी नळी तुंबली की कॅम झिजतो, आणि चांगली सिएरा आता सहज मिळत नाही.

रोव्हर के-सिरीज: वजनाने खूप हलकं. केटरहॅम आणि लोटस एलिस दोघांनीही वापरलेलं. मात्र हेड गॅस्केट जाण्यासाठी प्रसिद्ध. कूलिंगची व्यवस्था चोख ठेवता येत असेल तरच.

बाईकचं इंजिन (सुझुकी हायाबुसा, यामाहा आर-१ वगैरे): ऐकायला भन्नाट! गिअरबॉक्स आतच, वजन कमी. पण रिव्हर्स गिअर नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते. बाईक वळताना कलते, गाडी कलत नाही. त्यामुळे वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू शकतो आणि बेअरिंग उडतात. त्यासाठी सम्पमध्ये अडथळे किंवा ड्राय सम्प लागतो. दुसऱ्या गाडीसाठी उत्तम, पहिल्या गाडीसाठी नको.

हॉर्सपॉवरच्या मागे का धावू नये?

साधं गणित बघा. एमएक्स-५ चं वजन सुमारे ९५० किलो, ताकद ११५ हॉर्सपॉवर. म्हणजे दर टनामागे १२१. तेच इंजिन ६०० किलोच्या किट कारमध्ये टाकलं की दर टनामागे १९२ होतात. इंजिनला हातही लावला नाही, तरी दीडपटीहून जास्त फरक. हलक्या गाडीत 'साधं' इंजिन साधं राहत नाही. म्हणून पहिल्या गाडीत ताकद वाढवण्यापेक्षा गाडी पूर्ण होणं महत्त्वाचं. अर्धवट राहिलेल्या किट कार वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून शेवटी जाहिरातीत येतात. त्यांतली एक माझी होता होता राहिली.

डोनर बघायला जाताना

१. आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड असू दे. गरम इंजिन बरेच दोष लपवतं.
२. सुरू केल्यावर धूर बघा. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता आहे.
३. तेलाचं झाकण उघडा. आतमध्ये मेयोनेजसारखा थर असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.
४. कम्प्रेशन टेस्टर सोबत न्या. आकडा किती, यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का, हे जास्त बोलकं. साधारण दहा टक्क्यांच्या आत फरक चालतो.
५. गाडी चालवून बघा. सगळे गिअर पडतात का, क्लच घसरतो का?
६. एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला वरून टिकटिक आवाज आला तर घाबरू नका, ते बहुधा टॅपेट असतात. खालून ठोके ऐकू आले तर मात्र नमस्कार करून परत या.

इंजिन बाहेर काढलंच आहे तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचे ऑइल सील लगेच बदला. नंतर तिथे हात पोचत नाही.

कागदपत्रं विसरू नका

ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए नावाची एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी पास करावी लागते. प्रदूषणाचे निकष इंजिनच्या वयानुसार ठरतात, म्हणून ते वय कागदावर सिद्ध करता आलं पाहिजे. नंबर प्लेटचंही तसंच. नव्या किट चासीसोबत एकाच डोनरचे दोन मुख्य भाग (इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांपैकी) वापरले, तर डोनरच्या वयाला साजेसा नंबर मिळू शकतो. भागांचा मूळ पत्ताच सांगता आला नाही तर 'क्यू' प्लेट मिळते. म्हणून डोनरचं नोंदणीपत्र आणि पावत्या जपून ठेवा. गाडी सुटी करण्याआधी प्रत्येक वायरचे फोटो काढा, कनेक्टरला चिठ्ठ्या लावा. फोनची मेमरी भरली तरी चालेल.

हे भारतात करता येईल का?

रस्त्यावर चालवण्यासाठी, सरळ उत्तर: नाही. आपल्याकडे नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून टाइप अप्रूव्हल लागतं आणि ती व्यवस्था उत्पादकांसाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तसे बदलही करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं.

पण शिकायचं असेल तर कॉलेजातला रस्ता उघडा आहे. फॉर्म्युला भारत स्पर्धेत ७१० सीसीपर्यंतचं फोर-स्ट्रोक इंजिन चालतं आणि गाडी ट्रॅकवर पळते. आमच्या टीमनेही केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन वापरलं होतं. सीनियर्सनी त्यासाठी अपघातात सापडलेली अख्खी बाईक विकत घेतली होती. फर्स्ट इयरचा मी तेव्हा मनात म्हटलं होतं, नुसतं इंजिन स्वस्तात मिळत असताना हे पैसे का उधळतायत? चावी, ईसीयू, हार्नेस, सगळं त्या मोडक्या बाईकमध्ये होतं. उत्तर तेव्हाच माझ्यासमोर उभं होतं. मला ते कळायला कॉव्हेंट्रीत पाच महिने घालवावे लागले.

आता माझ्या गॅरेजमध्ये एका गंजलेल्या एमएक्स-५ चं इंजिन नव्या चासीत बसलंय. गेल्या महिन्यात पहिल्यांदा चावी फिरवली आणि ते लगेच सुरू झालं. कारण चावी त्याचीच होती.