वाढीचे हॉर्मोन भरपूर, तरी उंची का वाढत नाही? ग्रोथ हॉर्मोन रिसेप्टरची ओळख

शाळेच्या रांगेत आपले मूल दरवर्षी सर्वांत पुढे उभे राहते, धाकटे भावंड उंचीत त्याला गाठते, दोन वर्षांपूर्वीचा गणवेश अजूनही होतो. अशा वेळी पालक डॉक्टरांकडे येतात, तपासण्या होतात आणि काही थोड्या कुटुंबांच्या हाती गोंधळात टाकणारा रिपोर्ट पडतो: वाढीचे हॉर्मोन कमी तर नाहीच, उलट नेहमीपेक्षा जास्त आहे. मग मूल वाढत का नाही?

याचे उत्तर हॉर्मोनमध्ये नसून ते हॉर्मोन स्वीकारणाऱ्या रेणूत असू शकते. या रेणूला ग्रोथ हॉर्मोन रिसेप्टर म्हणतात. तो काय करतो, बिघडला तर काय होते आणि तपासण्या व उपचार कसे ठरतात, हे या लेखात समजून घेऊ.

वाढीचे हॉर्मोन आणि त्याचा रिसेप्टर

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिला मराठीत पियुषिका ग्रंथी असेही म्हणतात. तिच्या पुढच्या भागातून ग्रोथ हॉर्मोन रक्तात सोडले जाते. हे हॉर्मोन दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाही, ते लाटांसारखे येते. त्यातली मोठी लाट रात्री गाढ झोप लागल्यावर येते.

रक्तातून हे हॉर्मोन शरीरभर फिरते, पण स्वतःहून पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या आवरणात बसवलेला रिसेप्टर त्याला बाहेरच पकडतो आणि निरोप आत पोहोचवतो. हॉर्मोन ही किल्ली मानली, तर रिसेप्टर हे कुलूप. किल्ल्या कितीही असल्या तरी कुलूपच खराब असेल, तर दार उघडत नाही.

ग्रोथ हॉर्मोन रिसेप्टर हे ६२० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक छोटा तुकडा आवरणात आणि उरलेला भाग पेशीच्या आत असतो. हे प्रथिन बनवण्याची सूचना देणारे जनुक ५ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. हॉर्मोनचा एक रेणू रिसेप्टरच्या दोन रेणूंना एकाच वेळी धरतो. त्यामुळे रिसेप्टरच्या आतल्या टोकाला चिकटलेले जॅक-२ नावाचे एन्झाइम जागे होते. ते स्टॅट-५बी या प्रथिनाला कामाला लावते आणि ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन योग्य ती जनुके सुरू करते.

उंची प्रत्यक्षात कशी वाढते?

या रिसेप्टरची संख्या यकृतात सर्वांत जास्त असते. निरोप मिळाला की यकृत आयजीएफ-१ नावाचे दुसरे हॉर्मोन तयार करते. हाडांमध्येही ते काही प्रमाणात तयार होते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पातळ चकत्या असतात. आयजीएफ-१ आणि ग्रोथ हॉर्मोन यांच्या प्रभावाने या चकत्यांमधील पेशी वाढतात, त्यांचे हाडात रूपांतर होते आणि हाड लांब होते.

म्हणजे ही एक साखळी आहे: पिट्यूटरी, ग्रोथ हॉर्मोन, रिसेप्टर, आयजीएफ-१ आणि शेवटी हाड. कडी कोणतीही तुटली तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे खुंटलेली उंची. पण उपचार मात्र कोणती कडी तुटली आहे यावर ठरतो.

वयात येताना या चकत्या हळूहळू बंद होतात. साधारणपणे मुलींमध्ये १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास हाडांची लांबी वाढणे थांबते. त्यानंतर कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. त्यामुळे ‘थांबून पाहू, वयात आल्यावर एकदम वाढेल’ हा सल्ला प्रत्येक मुलासाठी बरोबर नसतो.

रिसेप्टर जन्मतःच सदोष असेल तर: लॅरॉन सिंड्रोम

१९६६ मध्ये इस्रायलमधील डॉ. झ्वी लॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय कमी उंचीच्या काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. या मुलांच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर होते. सुरुवातीला हॉर्मोनच निकामी असावे, अशी शंका होती. १९८४ मध्ये अशा दोन रुग्णांच्या यकृताच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्या पेशी हॉर्मोनला पकडतच नाहीत असे दिसले. १९८७ मध्ये रिसेप्टरच्या जनुकाची रचना कळली आणि १९८९ मध्ये या रुग्णांच्या त्याच जनुकात दोष सापडले. या आजाराला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात.

हा आजार फार दुर्मिळ आहे. त्यात पुढील गोष्टी दिसतात:

- जन्माच्या वेळी लांबी जवळपास नेहमीसारखी असते, पण त्यानंतर वाढ लवकरच मागे पडते.
- कपाळ पुढे आलेले, चेहरा लहान, नाकाचा वरचा भाग बसका असतो.
- हात-पाय लहान असतात, दात उशिरा येतात, आवाज बारीक असतो.
- लहान वयात रक्तातील साखर एकदम कमी होऊ शकते.
- मुलग्यांमध्ये लिंगाचा आकार लहान असू शकतो आणि वयात येणे लांबते.
- वय वाढते तसे पोटाभोवती चरबी साठते.

उपचार न मिळालेल्या प्रौढ स्त्रियांची उंची साधारण १०८ ते १३६ सेंमी आणि पुरुषांची ११६ ते १४२ सेंमी राहते.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या लोजा आणि एल ओरो या प्रांतांत लॅरॉन सिंड्रोम असलेल्या सुमारे शंभर व्यक्ती आढळल्या आहेत. त्यांचा अभ्यास अनेक वर्षे झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वजन जास्त असूनही या गटात मधुमेह आढळला नाही आणि कर्करोगाचे एकच प्रकरण दिसले. आयजीएफ-१ फक्त हाडांपुरते मर्यादित नाही, हे यावरून लक्षात आले. मात्र म्हणून हा आजार ‘फायद्याचा’ ठरत नाही. लहानपणी साखर कमी होण्याचा धोका आणि आयुष्यभराच्या अडचणी खऱ्याच असतात.

हा दोष मुलात कुठून येतो?

बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्यांना स्वतःला आजार नसतो. मुलाला दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली, तरच आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते.

नात्यात लग्न झाले असेल, तर दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामे-आते भावंडांमध्ये, काही समाजांत मामा-भाचीमध्येही लग्ने होतात. म्हणून डॉक्टर नात्याबद्दल विचारतात. हा प्रश्न दोष देण्यासाठी नसतो. गरोदरपणात आईने काय खाल्ले, काय केले याच्याशी या आजाराचा संबंध नाही. घरात तसे बोलले जात असेल, तर ते थांबवा.

नावासारखाच दुसरा रिसेप्टर

पिट्यूटरीला ग्रोथ हॉर्मोन सोडण्याचा हुकूम मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून येतो. तो हुकूम आणणाऱ्या हॉर्मोनला जीएचआरएच म्हणतात आणि ते पकडणारा रिसेप्टर पिट्यूटरीच्या पेशींवर असतो. या रिसेप्टरच्या जनुकातला एक दोष १९९६ मध्ये एका भारतीय कुटुंबात ओळखला गेला. पुढे तोच बदल पाकिस्तानातील सिंधमध्ये आणि भारतातील इतर रुग्णांतही आढळला.

या दोषात ग्रोथ हॉर्मोनच फार कमी तयार होते, पण शरीरातील त्याचे स्वतःचे रिसेप्टर चांगले असतात. म्हणून या मुलांना बाहेरून ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने दिली की उंची चांगली वाढते. लॅरॉन सिंड्रोममध्ये तीच इंजेक्शने जवळपास निरुपयोगी ठरतात. दिसायला सारखी असलेली दोन मुले आणि उपचार मात्र वेगळे. रिपोर्ट नीट वाचणे इतके महत्त्वाचे का, ते यावरून कळेल.

तपासण्या कोणत्या आणि त्यांचा अर्थ काय?

पहिली तपासणी म्हणजे उंचीची नोंद. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंमी. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत हा वेग वर्षाला ५ ते ६ सेंमी असतो. या काळात वाढ वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी असेल, तर तपासणी हवी.

आई-वडिलांच्या उंचीवरून अंदाज बांधण्याचा सोपा मार्ग असा: दोघांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि २ ने भागा. वडील १६६ सेंमी आणि आई १५२ सेंमी असेल, तर मुलासाठी १६५.५ आणि मुलीसाठी १५२.५ सेंमी येते. हा केवळ अंदाज आहे. दोन्ही बाजूंना काही सेंमीचा फरक सहज पडतो.

त्यानंतर डॉक्टर गरजेनुसार पुढील तपासण्या सांगतात:

- डाव्या हाताचा एक्स-रे: यावरून हाडांचे वय आणि वाढीला किती वाव उरला आहे, ते कळते.
- आयजीएफ-१: याचे प्रमाण दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते, म्हणून ही तपासणी उपयोगी ठरते.
- ग्रोथ हॉर्मोन स्टिम्युलेशन टेस्ट: हॉर्मोन लाटांमध्ये येत असल्याने एकदाच रक्त घेऊन निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून औषध देऊन ठरावीक अंतराने नमुने घेतात.
- आयजीएफ-१ जनरेशन टेस्ट: काही दिवस ग्रोथ हॉर्मोन देऊन आयजीएफ-१ वाढते का ते पाहतात.
- जनुकीय तपासणी: नेमका दोष कुठे आहे, ते यातून कळू शकते.

ग्रोथ हॉर्मोन कमी आणि आयजीएफ-१ही कमी असेल, तर हॉर्मोनची कमतरता असू शकते. ग्रोथ हॉर्मोन जास्त आणि आयजीएफ-१ अगदी कमी असेल, तर रिसेप्टरच्या वाटेवर अडथळा असू शकतो.

मात्र इथे एक गोष्ट विसरू नका. कुपोषण, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे जुने आजार यांतही ग्रोथ हॉर्मोन जास्त आणि आयजीएफ-१ कमी दिसू शकते. शरीराला अन्न कमी पडते, तेव्हा ते वाढीवरचा खर्च थांबवते. असा अडथळा मूळ कारणावर उपचार केल्यावर कमी होतो. लॅरॉन सिंड्रोमपेक्षा ही कारणे कितीतरी जास्त आढळतात. म्हणून एका रिपोर्टवरून इंटरनेटवर शोधून घाबरू नका.

उपचार

रिसेप्टर काम करत नसेल, तर ती कडी ओलांडून थेट पुढचे हॉर्मोन द्यावे लागते. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आयजीएफ-१ला मेकासर्मिन म्हणतात. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. हे इंजेक्शन दिवसातून दोनदा, जेवण किंवा नाश्त्याच्या वेळी त्वचेखाली देतात. मूल जेवणार नसेल, तर तो डोस द्यायचा नाही, कारण साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. टॉन्सिल वाढणे, डोकेदुखी असे त्रासही होऊ शकतात.

या औषधाने वाढीचा वेग सुधारतो. पण हॉर्मोनची कमतरता असलेल्या मुलांना ग्रोथ हॉर्मोनने जेवढा फायदा होतो, तेवढा इथे सहसा होत नाही. औषध महागडे आहे आणि सगळीकडे सहज मिळत नाही. लवकर सुरू केल्यास लाभ जास्त होतो आणि हाडांच्या चकत्या बंद झाल्यावर उंचीसाठी त्याचा उपयोग नाही. अपेक्षा किती ठेवायची, हे मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञांशी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोला.

उंची वाढवण्याची जाहिरात करणाऱ्या पावडरी, गोळ्या किंवा बारला लटकणे यांनी यातला कोणताही दोष दुरुस्त होत नाही. त्यात पैशांपेक्षा मौल्यवान असा वेळ जातो.

रिसेप्टरचे हे ज्ञान उलट्या आजारातही उपयोगी पडले आहे. ॲक्रोमेगाली या आजारात प्रौढ वयात ग्रोथ हॉर्मोन अति प्रमाणात तयार होते. त्यावरचे पेगव्हिसोमंट हे औषध रिसेप्टरला अडवून धरते.

घरी आणि शाळेत

मुलाशी त्याच्या वयाप्रमाणे वागा, उंचीप्रमाणे नाही. दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेणे किंवा ‘बाळा, तुला जमणार नाही’ म्हणणे त्याला दुखावते. वर्गशिक्षकांना आजाराची माहिती द्या. बाक आणि फळा त्याच्या सोयीचे होतील असे पाहा. साखर कमी होण्याची लक्षणेही त्यांना सांगून ठेवा: घाम येणे, थरथर, गळून जाणे, गोंधळल्यासारखे वागणे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वैद्यकीय किंवा जनुकीय कारणामुळे प्रौढ वयात १४७ सेंमी किंवा त्यापेक्षा कमी उंची राहणे ही दिव्यांगता मानली आहे. पुढे प्रमाणपत्राची गरज वाटल्यास सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- उंची वाढीच्या तक्त्यातील सर्वांत खालच्या रेषेच्या खाली असेल.
- चौथ्या वर्षानंतर वाढ वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी असेल.
- पूर्वी चांगली वाढणारी उंची अचानक मंदावली असेल.
- बाळाला वारंवार साखर कमी होण्याचा त्रास होत असेल. अशा वेळी थांबू नका. झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडातून काहीही न देता लगेच रुग्णालयात न्या.

जाताना आतापर्यंतच्या उंची-वजनाच्या नोंदी, लसीकरणाचे कार्ड आणि आई-वडिलांची मोजलेली उंची सोबत घ्या. नोंदी नसतील, तर आजच सुरुवात करा. चप्पल-बूट काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, समोर पाहत उभे करा. डोक्यावर सपाट पुस्तक धरून भिंतीवर खूण करा आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. तपासणीच्या वेळी त्या दोन खुणांमधले अंतर डॉक्टरांना खूप काही सांगून जाते.