जिमखान्यात दडलेला चेंडू

‘जिमखाना’ हा शब्द इंग्रजांनी इथे घडवला आणि इंग्रजी कोशांत नेऊन बसवला. त्यातला ‘खाना’ फारसी, म्हणजे दवाखाना आणि तोफखान्याच्या घरातला. तिथे वाद नाही. गोम आहे ती ‘जिम’मध्ये.

सोपं उत्तर असं, की जिम म्हणजे ग्रीक कुळातलं जिम्नॅशियम. मीही तेच धरून चाललो होतो. पण युल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात वेगळंच निघालं. त्यांच्या मते हा शब्द मुंबई इलाख्यात बनवलेला, आणि त्याच्या तळाशी बहुधा ‘गेंदखाना’ आहे! साहेबांच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्तानीत गेंदखाना म्हणत. म्हणजे जिमखान्याच्या पोटात चेंडू.

मुंबईत ‘गेंद’ कुठून, असं कुणी विचारेल. पण साहेब नोकरांशी बोलत ते मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत, त्यामुळे ही शंका फार टिकत नाही. खरी अडचण ‘ग’चा ‘ज’ कसा झाला ही. कानाला ही चूक होणार नाही, डोळ्याला मात्र सहज होईल. रोमन लिपीत ‘गेंद’ लिहिला की पहिलं अक्षर ‘जी’, आणि त्यापुढे ‘ई’ आली की इंग्रज बऱ्याचदा ‘ज’ वाचतो. कुणा नव्या अधिकाऱ्याने पाटी वाचली ‘जेंडखाना’, आणि जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने त्याचा जिमखाना झाला. पुरावा माझ्याकडे नाही, पण मला हे पटतं.

विरोधी पक्ष म्हणेल, गेंद हवाच कशाला? जिमला खाना जोडला, झालं. पण ‘जिम’ हे सुटं लघुरूप छापील इंग्रजीत दिसतं ते 1871च्या सुमारास, आणि हॉब्सन-जॉब्सन एका मेजरच्या हवाल्याने सांगतो की रुडकीला जिमखाना निघाला 1861 साली. हवाला तोंडी आहे, हे खरं. शाळकरी पोरांच्या तोंडी ‘जिम’ आधीपासून असेल, हेही खरं. तरी पारडं मी गेंदाकडेच झुकवतो. मुंबईचा शब्द रुडकीला पोचला कसा? बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर, दुसरं काय!

पुढचं ठाऊकच आहे: 1875 साली बॉम्बे जिमखाना, 1906 साली पुण्यात डेक्कन जिमखाना. शब्द मात्र एकोणिसाव्या शतकातच माल्टापर्यंत गेला होता, तोही जागा सोडून खेळांच्या मेळाव्याला चिकटून. इंग्लंडमध्ये तर आज जिमखाना म्हणजे घोड्यांवरच्या शर्यती आणि खेळ. तिथे चेंडूही नाही आणि जिम्नॅस्टिक्सही नाही.