फाईल-दर्शनाच्या सोयी आणि कार्यालयीन संगणकाची सुरक्षितता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्यातील कार्यालयांची घडी बसत असतानाच महाराष्ट्राच्या प्रशासनात संगणक रुजत होता. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता तालुक्यांपर्यंत नेली. मात्र कागदी कारभारातील एक समजूत संगणकाबरोबरही टिकून राहिली : लखोटा फोडल्याशिवाय आतील मजकूर बाधत नाही. ही समजूत कितपत खरी, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

सोयींचा इतिहास :
नोव्हेंबर १९९९ मध्ये आढळलेला 'बबलबॉय' आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पत्राचे पूर्वदर्शन होताच कार्यान्वित होत असे. जोडपत्र उघडण्याची गरज नव्हती. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' जगभर पसरला. विंडोज फाईलनावाचे अंत्यपद लपवीत असल्यामुळे त्याची आज्ञावली साध्या मजकुराच्या फाईलसारखी भासली. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने पेन ड्राइव्हमधील शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर उमटताच शिरकाव केला. इराणमधील अणुकेंद्र हे त्याचे लक्ष्य मानले जाते, तथापि बाधित संगणकांच्या संख्येत इराण व इंडोनेशियापाठोपाठ भारताचा क्रमांक होता. २०२२ मधील 'फोलिना' दोषात आरटीएफ फाईलचे केवळ पूर्वदर्शनही घातक ठरू शकत होते.

विश्लेषण :
या चारही घटनांचे मूळ एकच आहे. चिन्ह, नाव वा पूर्वदर्शन दाखविण्यासाठी संगणकाला फाईल आधी स्वतः वाचावी लागते किंवा तिच्याविषयी काही गृहीत धरावे लागते. म्हणजे लखोटा संगणक आधीच फोडतो. कर्मचाऱ्यास ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी 'फाईल कोणी उघडली?' असे विचारून लिपिकास दोषी धरणे अन्यायाचे ठरते. ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेटवरून उतरविलेल्या फाईलींचे पूर्वदर्शन विंडोजमध्ये आपोआप बंद केले, ही या दोषाची एका अर्थी कबुलीच होय.

समारोप :
महाविद्यालयीन कार्यालयात गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज व सेवापुस्तकांच्या नोंदी असतात. अंत्यपदे दृश्य ठेवणे, पूर्वदर्शन बंद ठेवणे, बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासूनच जोडणे आणि प्रणाली अद्ययावत राखणे हे उपाय विनाखर्चाचे आहेत. सोय कोणाच्या विश्वासावर चालते, हे ओळखणे हाच संगणक-साक्षरतेचा पुढचा धडा होय.