विद्युत हत्यारांतील अतिभार-संरक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
हातात धरून वापरता येणारे पहिले विद्युत ड्रिल जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात १८९५ मध्ये तयार झाले, असे मानले जाते. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीला १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. १९४६ मध्ये त्याच कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी कमी किमतीची ड्रिल यंत्रे बाजारात आणली. या वाटचालीत हत्यार हलके व स्वस्त झाले. मात्र त्याच्या अतिभार-संरक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मागे पडला. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे.

अतिभाराचे स्वरूप :
विजेच्या तारेवर चालणाऱ्या ड्रिल किंवा ग्राइंडरमध्ये बहुधा युनिव्हर्सल मोटर असते. ड्रिलचा बिट अडकला, की मोटरचा वेग मंदावतो आणि विद्युतप्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला, तर वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता चौपट होते. थंडावा देणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्यामुळे, गरज सर्वाधिक असते त्याच क्षणी वारा कमी पडतो. मॉन्टसिंगर यांनी १९३० मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या संदर्भात असे मांडले, की तापमानातील सुमारे ८ अंश सेल्सिअस वाढीने इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. मोटरच्या इन्सुलेशनलाही ढोबळमानाने असाच नियम लावला जातो. अर्थात, अतिभाराने यंत्र त्याच वेळी जळाले नाही, तरी त्याचे आयुष्य घटलेले असते.

संरक्षणाचे टप्पे :
फ्यूज हे संरक्षणाचे आरंभीचे साधन होय. १९२४ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे स्टॉट्झ यांच्या कंपनीत फ्यूजच्या जागी बसविता येणारा स्वयंचलित सर्किट ब्रेकर विकसित झाला. परंतु घरातील फ्यूज वा ब्रेकर वायरिंगचे रक्षण करतो, हत्याराचे नव्हे. २३० व्होल्टवर ६०० वॅटचे ड्रिल सुमारे २.६ अँपिअर प्रवाह घेते. अडकल्यावर तो पाचपट झाला, तरी १३ अँपिअरच होतो. १६ अँपिअरचा ब्रेकर पडत नाही आणि मोटर जळते.

यासाठी संरक्षण यंत्राच्या आत असणे आवश्यक ठरले. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी घड्याळांसाठी वापरलेल्या द्विधातू पट्टीचे तत्त्व येथे उपयोगी पडले. अमेरिकेतील जॉन स्पेन्सर यांनी १९२० च्या दशकात उष्णतेने झटक्यासरशी उलटणारी द्विधातू चकती विकसित केली. अशा चकत्या पुढे मोटरच्या संरक्षणासाठी वापरल्या गेल्या. ठरावीक जोरापलीकडे घसरणारा सेफ्टी क्लच मोटरबरोबरच कारागिराचे मनगटही वाचवितो. त्यानंतर प्रवाह मोजून मोटर थांबविणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली.

स्वस्ताईची किंमत :
दुकानात ग्राहकाला वॅट आणि किंमत दिसते. आतील संरक्षक भाग दिसत नाही. त्यामुळे किंमत उतरविताना तो गाळणे सोपे जाते. १ एप्रिल २००१ रोजी भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीची संख्यात्मक बंधने उठविली व बाजार अधिक खुला झाला. अशा बाजारात केवळ किमतीवरून केलेली तुलना अपुरी ठरते. स्वतःचे हत्यार घेऊन रोजंदारीवर जाणाऱ्या सुताराची मोटर जळाली, तर वाइंडिंगच्या खर्चाबरोबर त्याचा रोजही बुडतो. वाइंडिंगचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ गेला, तर तांबे व पोलाद यांसह सारे यंत्र भंगारात जाते. प्रत्येक स्वस्त हत्यार निकृष्ट असते, असे नाही. परंतु संरक्षणाविना विकलेल्या हत्याराची खरी किंमत पावतीवर दिसत नाही.

निष्कर्ष :
अतिभार-संरक्षणाचा इतिहास हा जबाबदारीच्या स्थलांतराचा इतिहास आहे. इमारतीच्या वायरिंगपासून ती यंत्राच्या अंतरंगात आली. स्वस्ताईसाठी तेथून ती काढली, तर ती नाहीशी होत नाही. ती कारागिराच्या हातावर येते. मोटरचा आवाज बदलताच दाब कमी करणारा अनुभवी कारागीर ती निभावतो. नवशिक्याला तिची किंमत मोजावी लागते.